विहीणबाईंची काळी रायफल

प्रिय ब्रिटा,

फोनवर तू म्हणालीस, "आई, गुरुवारी येते, कपाटातली माझी रायफल उचलते आणि तशीच पुढे निघते. शनिवारी शिकारीचा मोसम उघडतोय, रॉक्सॅन तळावर वाट बघत असेल." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. ते "बरं" काही खरं नव्हतं. फोनवर मला भांडता येत नाही, तुला माहीत आहे. समोरचं माणूस बोलायला लागलं की माझे मुद्दे पळून जातात. म्हणून लिहायला बसले आहे. गाई खालच्या कुरणात आणल्यात, वारा सुटलाय, आणि ओव्हनमध्ये सफरचंदाचा केक आहे. तो करपला तर दोष तुझ्या सासूचा, त्या रॉक्सॅनचा.

आधी त्या रायफलीबद्दल बोलते, मग माणसांबद्दल. घर बदलायच्या गडबडीत तू ऑगस्टमध्ये गवत कापायला आलीस आणि ती इथे ठेवून गेलीस. तेव्हापासून ती आपल्या जुन्या विंचेस्टर रायफलीच्या शेजारी उभी आहे. कपाट उघडलं की दोघी एकदम दिसतात आणि माझं डोकं फिरतं. आपलीचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. आधी तुझ्या आजोबांचा गाल त्याला लागला, मग बाबांचा, मग माझा, आता तो पोळपाटासारखा गुळगुळीत झालाय. पोलादावरचा निळा रंग जिथे हात धरतो तेवढाच उडालाय. अंगानं चपटी, सडपातळ, कुठे काही जास्तीचं नाही. आणि तुझी ती! नळी दुधाच्या कॅनसारखी पांढरी, दस्ता काळाकुट्ट, आणि तो लाकडाचा नव्हेच. माथ्यावर करवतीसारख्या दात्यांची पट्टी, पट्टीवर दुर्बीण. दुर्बीण बंदुकीच्या घोड्यावर झुकली, अंगठा पोचेना, म्हणून घोड्याला बाजूनं एक शेपटी लावलेली. नळीच्या टोकाला आटे, तिथे म्हणे आवाज गिळणारं डबडं बसतं. मी चर्चच्या जेवणात तुझ्या मावशीला म्हटलं, "रायफल आहे की मिक्सर?" मावशी म्हणाली, "आर्डिस, जळू नकोस." जळू नकोस म्हणे! मी जळतच होते, तिनं काय नवीन सांगितलं?

हातात घेतल्यावरचा फरक तर विचारूच नकोस. आपली मध्यावर धरली की एका हातात झुलते. काटेरी तारेखालून सरकव, खोगिराच्या म्यानात खुपस, कुठे अडणार नाही. तुझी त्या म्यानात जातच नाही, दुर्बीण आडवी येते. आणि तू डावरी. आठवतं ना, पहिल्या वर्षी दुकानदार बाबांना म्हणाला, "डावऱ्या पोरीसाठी वेगळी बंदूक मागवावी लागेल." बाबा म्हणाले, "लिव्हरला डावं-उजवं कळत नाही. चापाखालची ती कडी हातानं खाली ओढायची, वर ढकलायची, झालं." आपली रायफल रिकामं काडतूस सरळ वर फेकते. तुझ्या पहिल्या हरणाच्या वेळी ते गरमागरम काडतूस तुझ्याच कॉलरमधून आत गेलं आणि तू बर्फात अशी नाचलीस की दुसरं हरीण पळायचं सोडून बघत राहिलं. बाबा हसून हसून खाली बसले. ही नवी मात्र काडतूस उजवीकडे फेकते, म्हणजे डावऱ्या माणसाच्या थेट नाकासमोरून. दुकानात उभं राहून रॉक्सॅनला हे सुचलं नसेल. मला सुचलं असतं.

बघ, रायफलीवरून माणसांवर आलेच मी. मी तिच्यावर जळते, ब्रिटा. स्पष्ट लिहिते, म्हणजे नवऱ्याला, कोलला विचारत बसायला नको. ती वाईट असती तर किती सोपं गेलं असतं. पण विहीणबाई कशा, तर मला नाताळला मोजे पाठवणार, नाव घेऊन प्रेमानं बोलणार, आणि माझी मुलगी हसतहसत घेऊन जाणार. तिचा तळ केवढा, तंबूत चूल काय, घोडे काय, सकाळी गरम बिस्किटं काय! आपल्याकडे काय, तर तो कडा, चोकचेरीची झुडपं आणि थर्मासमधली कोमट कॉफी. पण लग्नाआधी मोसमाचा पहिला शनिवार तू एकदाही दुसरीकडे काढला नाहीस. तापात फणफणत होतीस तरी आलीस.

एप्रिलमधला तुझा वाढदिवस आठव. मी केक अर्धा खाल्ला आणि उठले. "एक कालवड अडलीय, व्यायला झालीय, मला जायला हवं," असं सांगितलं. तू दारापर्यंत आलीस, म्हणालीस, "आई, मी येऊ का मदतीला?" कालवडबिलवड काही नव्हती गं. सगळ्या आदल्या आठवड्यातच व्याल्या होत्या. झालं काय, तर रॉक्सॅनची पेटी आधी उघडली गेली. आतून ती पांढरी-काळी रायफल निघाली, सगळे "वा वा" करत उठले, तू ती खांद्याला लावून खिडकीतून बाहेर रोखलीस आणि तुझा चेहरा फुलून गेला. मी पण टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळ्या सगळ्यांत जोरात होत्या, कोणीही सांगेल.

मग मेमध्ये एक दिवस विहीणबाईंचा फोन. हसतच होत्या. "आर्डिस, तुझ्या मुलीनं काय केलं ऐक. नेम धरला, चाप ओढला, आणि नुसतं टक! सेफ्टीचं बटण काढायलाच विसरली. आम्ही हसलो तर म्हणते, आमच्या घरच्या रायफलीला बटण नाही, आमच्याकडे अंगठा हेच बटण." मी पण हसले आणि फोन ठेवून दिवसभर गुणगुणत गोठा झाडला. अंगठ्यानं घोडा मागे घ्यायचा, अंगठ्यानंच हळूच उतरवायचा. ते मी शिकवलंय तुला, लोकरी मिटन-हातमोजे घातलेल्या तुझ्या हातांवर माझा हात ठेवून. रायफल तिनं दिली असेल, पण अंगठा माझा आहे. इतका आनंद मला तुझ्या लग्नातही झाला नव्हता. रागावू नकोस.

आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून नव्या रायफलीचं चांगलंही लिहिते. तिच्या दस्त्यामागे जाड रबर आहे, खांद्याला धक्का म्हणून लागत नाही. आपलीच्या मागे पोलादाची पट्टी, दुसऱ्या दिवशी खांदा हिरवानिळा. तिच्या लिव्हरचं कडं मोठं आहे, जाड मिटन घालूनही हात आत जातो. लिव्हर लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरते. आपलीची मध्येच कुरकुरते, बाबा म्हणायचे तशी माझ्यासारखी. आणि दुर्बिणीतून बघितलं की पलीकडच्या उतारावरच्या कुंपणाचा खांब न् खांब दिसतो, त्यावर बसलेला पक्षी दिसतो, पक्ष्याची चोच दिसते.

हे सगळं मला कसं माहीत, असं तू विचारणारच. सप्टेंबरमध्ये तिच्यावरची धूळ पुसायला म्हणून बाहेर काढली. पुसता पुसता कड्यापर्यंत गेले. कॉफीचा जुना डबा कुंपणाच्या खांबावर ठेवला, मागे मातीचा उंचवटा होताच. नेम धरला, घोडा मागे घेतला, चाप ओढला. टक! तुझ्यासारखंच, अगदी तसंच. एकटी बसून मोठ्यानं हसले. मग बटण सारलं, पुन्हा नेम धरला, आणि डबा उडाला. तो उडालेला मला दिसला, ब्रिटा. मी तिथेच गवतात बसून रडले, आणि आधी वाटलं होतं ते विहिणीच्या रागानं.

रागानं नव्हे. गेल्या नोव्हेंबरात तू नव्या संसारात होतीस तेव्हा मी एकटीच कड्यावर गेले होते. सगळ्यांना सांगितलं, बर्फ उशिरा पडला, हरणं खाली उतरलीच नाहीत. उतरली होती. चांगलं मोठं हरीण समोर आडवं उभं होतं, आणि आपलीच्या नळीच्या टोकावरची नेमाची माशी मला दिसेना. जिथे पितळेचा बारीक ठिपका हवा, तिथे नुसतं धुकं. मी घोडा उतरवला आणि घरी आले. डॉक्टर म्हणतात चष्म्यानं फार फरक पडणार नाही, आणि जुन्या विंचेस्टरवर दुर्बीण बसत नाही, काडतूस वर उडतं ना. म्हणून एप्रिलमध्ये मी तुझ्या वाढदिवसाला रिकाम्या हातांनी आले नव्हते. आपली रायफल गाडीत सीटमागे होती, बाबांच्या घोंगडीत गुंडाळून, तिला नवा चामडी पट्टा लावून. तुला द्यायची होती. ती पेटी उघडली आणि मला वाटलं, आता हिला हे जुनं लाकूड कशाला? तशीच परत घेऊन आले. पट्टा अजून कोरा आहे. तर आता ऐक. गुरुवारी ये, पण पुढे जाऊ नकोस. रॉक्सॅनला माझं नाव सांग, म्हण की म्हातारी हट्टाला पेटली आहे. शनिवारी विंचेस्टर तू घे, ती तुझीच, परत आणायची नाही. काळी एक दिवस मला दे. माझ्या डाव्या हाताला बस, मागच्यासारखी, आणि हरीण समोर आलं की माझ्या कानात हळूच सांग, "आई, बटण."

तुझीच, केक करपवलेली,
आई