सहा एमएमचा टाका

३ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
आजपासून गोधड्या. निर्णय पक्का. पोलाद कारखान्यात प्लेट मिलच्या इन्स्पेक्शनमध्ये चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला चार कापडं एकावर एक ठेवून शिवता येणार नाहीत, असं रंभेला वाटतं. सांगितलं तर हसली. लग्नाला सदतीस वर्षं झाली, पण कधी हसू नये हे तिला अजून कळलेलं नाही.

प्लॅन: नातलग, शेजारी, जुने सहकारी मिळून अकरा गोधड्या. डिसेंबरअखेर वाटून मोकळा. पहिली टीनाच्या होणाऱ्या बाळासाठी. टीनासाठी नाही. आमच्या या एकुलत्या एक मुलीशी मी दोन वर्षं बोलत नाही आणि बोलणारही नाही. ती नेहरू नगरात राहते. आमच्या रिसालीहून स्कूटरने वीस मिनिटं, सिग्नल लागला तर बावीस. जाण्याचा प्रश्नच येत नाही.

जावई भूपेंद्र कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. प्लांटची नोकरी नाही, क्वार्टर नाही, मेडिकल नाही. मी नाही म्हटलं होतं. तिने कोर्टात जाऊन लग्न केलं. बाळाचा यात काही दोष नाही. बाळाला गोधडी मिळेल.

५ नोव्हेंबर
स्पेसिफिकेशन लिहून भिंतीवर लावलं. टाका सहा एमएम, प्लस-मायनस एक. दोन ओळींत अंतर वीस एमएम. एकूण ओळी पंचेचाळीस. रंभा म्हणते, गोधडीले माप नसते. म्हणूनच या देशातली एकही गोधडी सरळ नाही.

रेषा आखायला मिलमधला पेंट मार्कर काढला. पास प्लेटवर पांढरी खूण, नापास प्लेटवर लाल फुली. रिटायरमेंटच्या दिवशी दोन्ही मार्कर चुकून खिशात राहिले. ऑइल पेंट आहे. ऊन, पाऊस, ॲसिड, कशानेही निघत नाही.

९ नोव्हेंबर
कापडाची तपासणी. रंभेचं म्हणणं, बाळाची पहिली गोधडी नव्या कापडाची करत नाहीत. घरच्या माणसांच्या अंगावर मऊ झालेले कपडे लागतात, आणि ते दोन्ही घरचे. आईकडचे आणि बापाकडचे. तिने ट्रंक उघडून पसारा घातला. तिची सुती पातळं, तिच्या आईचं लुगडं, माझी बनियनं.

एक्केचाळीस तुकड्यांपैकी चाळीस नापास. उजेडाला धरले तर पलीकडे रंभा दिसते. प्रत्येकावर कोपऱ्यात छोटी लाल फुली केली आणि रिजेक्टच्या पोत्यात टाकले. पास फक्त तिचं जांभळं पातळ, ते अस्तराला. वरच्या बाजूला माझ्या प्लांटच्या युनिफॉर्मच्या पॅन्ट्स. तीन नग. जाड, मजबूत, चौतीस वर्षांच्या सर्व्हिसचं कापड. रंभा म्हणाली, लेकराले टोचन. मी म्हटलं, सवय होईल. आम्हाला झाली.

१४ नोव्हेंबर
तुकडे जोडले, थर लावले, अस्तरावर पांढऱ्या रेषा मारल्या. रेषा अस्तरावर आहेत, म्हणून अस्तर वर ठेवूनच शिवणार. खालची बाजू थेट फायनल इन्स्पेक्शनला बघायची. तोवर उलटायची नाही. मधे मधे उलटून बघणं हे अडाण्यांचं काम.

चार सुया मोडल्या. हल्ली स्टीलच बरोबर येत नाही. (आमच्या वेळी येत होतं.)

संध्याकाळी शेजारचा देवाजी आला. प्लांटच्या कोक ओव्हन विभागात होता, आता दिवसभर दुसऱ्यांच्या घरात असतो. म्हणाला, शालिकराम, तंबू शिवून राहिला का? त्याचं नाव यादीतून काटलं. दहा उरल्या.

१९ नोव्हेंबर, दुपारी १
राग लिहून काढला की उतरतो म्हणतात. खोटं आहे.

सकाळपासून पाच ओळी घातल्या. अप्रतिम. उचलायला गेलो तर पलंगपोस सोबत आला. पाचही ओळी आरपार पलंगपोसात. पलंगपोस इतका पातळ बनवतात की सुईला कळतही नाही. रंभा तोंडावर पदर धरून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी उसवत बसलो. एक बोट टोचलं. मग दुसरं.

सुधारित प्लॅन: सहा गोधड्या. क्वालिटीवर भर.

२५ नोव्हेंबर
रंभा नेहरू नगरला जाऊन आली. आठवड्यातून दोनदा जाते, मला विचारत नाही. मीही विचारत नाही की टीनाचे पाय अजून सुजलेले आहेत का आणि ती पपई तर खात नाही ना.

पिशवीतून एक शर्ट काढला. भूपेंद्रचा. निळ्या पट्ट्यांचा, कॉलर विरलेली. म्हणे बापाकडचं कापड. मधोमध लावायचं. म्हणे त्याने स्वतः धुऊन, इस्त्री करून दिला. फाडायच्या शर्टाला इस्त्री. यावरून माणूस कळतो.

तिच्या देखत पाठीचा चौकोन कापला आणि त्यावर लाल फुली मारली. छोटी नाही. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मग पोत्यात. रंभेने एकदा पोत्याकडे पाहिलं. नंतर भांडी घासली. आवाजावरून किमान एक पातेलं गेलं असावं.

२ डिसेंबर, दुपारी ४.२०
काम जोरात. आज जेवणाआधी तीन ओळी घातल्या. दोन ते चार डोळा लागला. उठून मोजल्या तर अकरा. मला तीन आठवतात, पण एकाग्र माणसाला आकड्यांचं भान राहत नाही. शिवाय दुपारनंतरच्या ओळी सकाळपेक्षा सरळ आहेत. हात बसत चालला आहे.

विशेष म्हणजे सुई आता मोडत नाही. युनिफॉर्मचं जाड कापड माझ्या हाताखाली नरम पडत चाललं आहे. हे बायकांना जमत नाही.

रंभेच्या तीन बोटांना चिकटपट्ट्या. म्हणते, भाजी चिरताना लागलं. इतक्या वर्षांत भाजी चिरता येईना. मी बोललो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि वरण वाढलं. वरण अळणी होतं. मुद्दाम.

९ डिसेंबर
यादी फेरतपासली. निम्मे लोक गोधडीच्या लायकीचे नाहीत. बाकीच्यांकडे ब्लँकेटं आहेत. सध्या फक्त पहिली गोधडी पूर्ण करायची. तिला फेज वन म्हणायचं.

देवाजी पुन्हा आला. ओळी पाहून म्हणाला, टाका वयनीसारखा पडून राहिला. बाईच्या टाक्याशी तुलना. चहा न देता पाठवला. चहा नंतर रंभेने कुंपणावरून दिला.

१८ डिसेंबर, सकाळी ११
मुलगी झाली. पहाटे. दोन किलो नऊशे. दोघी ठीक.

मला फोन नाही. फोन आईला. रंभा मोठ्याने बोलते म्हणून कळलं, आणि मी दाराजवळ उभा होतो म्हणून. हॉस्पिटलला निघताना विचारलं, येता का. म्हटलं, मला बोलावलं आहे का? ती गेली. मी घरभर फिरलो. खूप राग आला. कोणाचा, ते अजून ठरायचं आहे. आज एकही ओळ घातली नाही. थंडी होती.

वेळापत्रक: बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे २९ तारीख. ओळी बाकी सोळा. आरामात.

२१ डिसेंबर
बारसं नाही! आत्ता सांगतात. जावयाकडे छठी करतात, सहाव्या दिवशी. म्हणजे परवा, २३ला. त्याच दिवशी नाव ठेवायचं, त्याच दिवशी नातलगांना जेवण. माझ्या शेड्यूलमधून कोणी सहा दिवस कापून नेले आणि या घरात कोणाला काही वाटत नाही.

मी म्हटलं, मुलगी आमची, बारावाच दिवस धरायचा. रंभा म्हणाली, लेक त्याहीची बी हाय. एवढं बोलून ती पीठ मळायला गेली.

निमंत्रण काय, तर टीनाने आईला सांगितलं म्हणे, बाबाले यायचं असन तर येऊ दे. याला निमंत्रण म्हणत नाहीत. मी जाईन, पण फक्त डिलिव्हरीसाठी. फाटकाशी उभं राहून, बूट न काढता.

२२ डिसेंबर, संध्याकाळी ५
गोधडी तयार! सकाळी पाच ओळी बाकी होत्या. दुपारी उठलो तर काठसुद्धा झालेला. एका दिवसात एवढं काम मिलमध्येही कोणी केलं नसेल.

रंभेने घडी घालून वर्तमानपत्रात बांधून ठेवली होती. सोडून फायनल इन्स्पेक्शन करणार होतो, पण माल आपल्याच हातचा. घडी बाहेरून दाबून पाहिली. मऊ. पास.

पांढऱ्या मार्करने कोपऱ्यात OK लिहायचं राहिलं. ते तिथेच सगळ्यांसमोर लिहीन. सगळ्यांना दिसेल. टीनाला दिसलंच पाहिजे असं नाही.

२३ डिसेंबर, संध्याकाळी ७
लिहिणार नव्हतो. लिहितो.

फाटकाशी थांबलो. भूपेंद्र धावत आला, पाया पडला, हातातून पुडकं घेतलं आणि आत गेला. पुडक्यामागे जावं लागलं. बूट काढावे लागले. घर छोटं, पण झाडलेलं. टीना पलंगावर, खूप बारीक झालेली. माझ्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांसमोर पुडकं सोडलं आणि गोधडी पसरली. उलटी नाही. सुलटी.

युनिफॉर्मचा एक तुकडा नाही. सगळी रंभेची पातळं, तिच्या आईचं लुगडं, माझी बनियनं. पोत्यातला सगळा रिजेक्ट माल, तुकड्यागणिक लाल फुली. आणि मधोमध निळ्या पट्ट्यांचा शर्ट, त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली.

रंभा माझ्याकडे बघत नव्हती. चिकटपट्टी लावलेली बोटं पदरात होती. तेव्हा कळलं, मी झोपलो की खालचा थर कोण बदलत होतं. तीनच्या अकरा ओळी कशा झाल्या तेही कळलं.

भूपेंद्रने विचारलं, बाबूजी, ये डिज़ाइन है क्या? खरंच विचारलं त्याने, वाईट हेतू नव्हता.  मग टीना बोलली. दोन वर्षांत पहिल्यांदा, माझ्याकडे बघून.

"डिझाइन नाही हाय. लाल फुली म्हणजे नापास. मी दोन वर्षांपासून नापास हावो, बाबा. आता हिलेबी फुलीवर झोपवू काय?"

मला राग आला नाही. लाज वाटली. लाज वाटल्याचं या वहीत पहिल्यांदाच लिहितो आहे.

खिशातून पांढरा मार्कर काढला. शर्टाच्या तुकड्यावर टेकवला. उमटला नाही. हलवला, झटकला, पुन्हा टेकवला. सगळा पेंट अस्तरावर रेषा आखण्यात संपला होता. वीस-पंचवीस माणसं बघत होती आणि मी कोरडा मार्कर घासत होतो.

टीनाने माझ्या हातातून मार्कर काढून घेतला. म्हणाली, "पांढऱ्या दोऱ्यानं करा. फुलीवरून. तुमच्या हातानं. आईनं एक टाका घातला तर मी ओळखीन."

मग बाळ माझ्या मांडीवर दिलं. विचारलं नाही, दिलं. त्याने पाच मिनिटांत पॅन्ट ओली केली. तसाच बसलो.

२४ डिसेंबर, दुपारी ३.४०
गोधडी रिवर्कसाठी घरी आली आहे. शर्टावरच्या फुलीवरून पांढरी ओळ घालायची. उद्या सकाळी मीच नेऊन द्यायची. आत जाऊन. टीनाची अट आहे.

दोन सुया मोडल्या. पेंट दगडासारखा घट्ट बसला आहे. कधी निघत नाही म्हणूनच मी मार्कर जपून ठेवले होते, तर आता तक्रार कोणाकडे करू? देवाजी कुंपणावरून बघून गेला. काही बोलला नाही, त्याचाही राग आला.

दुपारी झोपलो नाही. दोन तासांत एकोणीस टाके. मोजपट्टी लावली नाही, कारण सहा एमएमचा एकही नाही. एक बोटभर आहे, एक मुंगीएवढा. पण माझे आहेत, झोपेतून उठून मिळालेले नाहीत.

आत्ता चहाला उठायला गेलो तर लुंगी गोधडीसोबत उठली. किमान सात टाके लुंगीत आहेत. रंभा दारात उभी होती. हसली. मी ओरडलो. मग आवाज खाली आणून म्हटलं, जरा उसवून दे.

म्हणाली, "मले हात लावायची मनाई हाय."

आणि चहाचा कप दारातच ठेवून गेली. तिथपर्यंत हात पोचत नाही. चहा गार होत चालला आहे आणि मी लुंगीसकट बसून हे लिहितो आहे.