शेवटचा फर्मा

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी अंघोळ, नामस्मरण उरकलं आणि ताईच्या खोलीत जाऊन अभिप्राय वाचून दाखवले. दर रविवारचं ठरलेलं काम.

आमच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतून एक कोरा कागद चिकटवलेला असतो. पुस्तक परत करताना वाचकाने त्यावर दोन ओळी लिहायच्या, खाली सभासद क्रमांक टाकायचा. तो कागद चिकटवणं आणि फाटकी पुस्तकं बांधणं, हे माझं काम. ताईच्या कादंबरीवर नवं काही आलं असेल तर शनिवारी चिठ्ठीवर उतरवून आणतो. तिला आता मोठी अक्षरंही दिसत नाहीत.

एकच लिहिली तिने आयुष्यात. जुन्या काळातली. राजा, वेढा, वेशीवरच्या पहारेकऱ्याची मुलगी आणि तिला शब्द देऊन मोहिमेवर गेलेला स्वार. छापखाना कधीच बंद पडला. घरच्या प्रती वाळवीने खाल्ल्या. उरली ती वाचनालयातली एक. बरीच वर्षं तिला कुणी हात लावत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी वाचकमंडळाच्या बायकांनी उचलली आणि तेव्हापासून कपाटात टिकत नाही!

आजची चिठ्ठी:

‘नायिका फार सहन करते. माझ्या सुनेने वाचावे.’

‘पान ९० वर घोडा काळा आहे, पान १४० वर पांढरा. लेखिकेने खुलासा करावा.’ हे आमचे पेन्सिलवाले आजोबा. प्रत्येक पुस्तकात चुका शोधतात.

ताई हसत म्हणाली, “दोन घोडे आहेत म्हणावं. पहिला मेला. वाचतात की डुलक्या काढतात?”

आणि तिसरा: ‘शेवट अप्रतिम! टापांचा आवाज येतो आणि पुस्तक संपतं. तीन दिवस मी त्या दारातच उभी होते.’

ताई हसायची थांबली. “टापांवर कुठे संपतं? पुढे तो येतो. ती त्याला परत पाठवते आणि दार लावते. तू वाचलंयस ना, सांग की.”

“बरीच वर्षं झाली गं,” म्हटलं.

वाचलेलं नाही. एकदाही नाही. सख्ख्या बहिणीने लिहिलेली प्रेमकथा वाचायची लाज वाटली. आधी लाज, मग आळस, मग विचारायचीच सोय राहिली नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

ताई चहा घेताना दोनदा म्हणाली, “दार लावते ती. नक्की लावते.”

९ नोव्हेंबर, रविवार

दोन नवे अभिप्राय. दोन्ही शेवटाबद्दल. ‘तो येणार ही आशा लेखिकेने जिवंत ठेवली.’ आणि, ‘आजकालच्या लेखकांना असं थांबता येत नाही.’

एखादा गाळायला हवा होता, पण खोटं वाचणं जमत नाही. (बोलणं जमतं. वाचणं नाही. काय माणूस आहे मी!)

ताईने मागचे सगळे पुन्हा वाचायला लावले. मी चिठ्ठ्या जपून ठेवल्यात. एकतीस अभिप्रायांत दाराचा उल्लेख कुठेच नाही.

“एवढी माणसं खोटं नाही बोलणार,” ती म्हणाली. “मग मी ते लिहिलंच नसेल. लिहायचं मनात असेल आणि लिहिलं असं वाटत असेल.” मग म्हणाली, “पण एक बाई चिडली होती रे. अगदी सुरुवातीला, मला दिसत होतं तेव्हा. दारात आलेल्याला हाकलून देणं हे काय बाईचं लक्षण, असं लिहिलं होतं तिने. का तेही माझ्याच डोक्यातलं?”

स्वयंपाकघरात ही हळूच म्हणाली, “वन्संनी या आठवड्यात दोनदा दूध उतू घालवलं. डॉक्टरांना दाखवायला हवं.”

“दिसत नाही तिला. दूध उतू जाणारच.”

“दिसत नाही ते वेगळं, अहो. परवा मला विचारत होत्या, मी शाळेत शिकवत होते ना गं?”

१२ नोव्हेंबर, बुधवार

कसं लिहू!

दुपारी वाचनालयात गर्दी नव्हती. ताईचं पुस्तक नेमकं परत आलेलं. ती चिडलेली बाई डोक्यातून जात नव्हती. जुना अभिप्रायाचा कागद भरला की मी नवा त्याच्यावरच चिकटवतो, म्हणजे जुना खाली असणार. ओलं फडकं ठेवून वरचा कागद सोडवला. खाली होती ती. निळी शाई, तिरकं अक्षर: ‘लिखाण चांगले. शेवट मुळीच पटला नाही. इतकी वर्षे वाट पाहून दारात आलेल्यास परत पाठवणे हे स्त्रीस शोभत नाही.’

म्हणजे दार होतं!

शेवटचं पान पाहिलं. २७२. खाली ‘समाप्त’ नाही. पुस्तक सोळा सोळा पानांच्या जुड्यांनी शिवतात, एक जुडी म्हणजे एक फर्मा; तसे सतरा फर्मे होतात. नोंदवही काढली. पुस्तक आलं तेव्हाची नोंद: पृष्ठे २८८.

अठरावा फर्मा नाही. प्रकरण नेमकं २७२ वर संपतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि तो कुठे गेला ते मला आठवलं. तीन वर्षांपूर्वी हे पुस्तक माझ्याकडे बांधायला आलं होतं. दोरा तुटलेला, फर्मे सुटलेले. त्या दिवशी एकूण चौदा पुस्तकं होती. बांधताना पुस्तकाच्या पाठीला आतून रद्दी कागदाच्या पट्ट्या चिकटवाव्या लागतात, नाहीतर पाठ धरत नाही. टेबलावर एक सुटा फर्मा पडलेला होता. कुठल्या तरी जुन्या पुस्तकाची रद्दी समजून मी त्याच्या पट्ट्या कापल्या. खळ लावली आणि चौदा पुस्तकांच्या पाठीत घालून टाकल्या.

एक ओळ वाचली असती तरी. पण कादंबरी वाचलेली असती तरच ती ओळ ओळखू आली असती ना!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आजही नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरांकडे गेलो. ही, ताई आणि मी. भिंतीला हिरवा रंग, कोपऱ्यात वजनकाटा. डॉक्टर तरुण आहेत, सभ्य आहेत. ताईला वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. ताईने शाळेत तीस वर्षं गणित शिकवलंय. दोनपर्यंत जाऊन म्हणाली, “आता उणे पाच. पुढे जाऊ?”

डॉक्टर हसले. “आजी, मग त्रास काय होतो?”

ताई नीट बसली. आयुष्यभर ज्या स्पष्टपणे बोलली त्याच स्पष्टपणे म्हणाली, “डॉक्टर, मी एक गोष्ट लिहिली असं मला पक्कं आठवतं. शब्दन् शब्द आठवतो. पण मी ती लिहिलेली नाही असं दिसतंय. पुरावा आहे. एकतीस माणसांचा. न घडलेलं आठवत असेल, तर घडलेलं काय काय पुसलं गेलं असेल?”

डॉक्टर लिहू लागले. सकाळ-संध्याकाळ गोळी. एकटं सोडू नका. गॅसपासून लांब ठेवा.

मी शेजारच्या खुर्चीत तिची फाइल मांडीवर धरून बसलो होतो. तोंड उघडलं. डॉक्टर म्हणाले, “हं, बोला.” मी विचारलं, “गोळी जेवणाआधी की नंतर?”

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी देवापुढे बसलो. नाम पुढे सरकेना. जिथे अडकलंय ते मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे.

का सांगत नाही? नोकरीची भीती नाही. ग्रंथपालबाई सगळ्यांना सांगतात, “यांच्या हातात पुस्तक दिलं की काळजी नाही.” ते जाईल, एवढीच काय ती भीती, आणि तीही फार मोठी नाही.

खरं कारण वेगळं आहे. एवढ्या आयुष्यात ताईचं कौतुक कुणी केलं? मी तर नाहीच. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, ताई वीस. तिने मला न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, माझं लग्न लावलं. लिहिलं ते सगळं झाल्यावर, उरलेल्या वेळात. आणि आता कुठे माणसं ‘अप्रतिम’ म्हणताहेत, तर ते अप्रतिम म्हणजे माझी कात्री! ती जिथे थांबली तिथे कुणी थांबलेलंच नाही. मी कापलं तिथे सगळे वाहवा करताहेत. हे तिला कुठल्या तोंडाने सांगू?

नाही सांगितलं तर ती स्वतःला वेडी समजते. सांगितलं तर एकतीस अभिप्राय मातीत जातात. कसंही केलं तरी तिच्याच हातातून काहीतरी काढून घ्यायचं आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बांधणीच्या वहीत त्या दिवशीच्या चौदा पुस्तकांची यादी मिळाली. नऊ कपाटात आहेत. तीन वाचकांकडे. दोन हरवल्याची नोंद.

जेवणाच्या सुट्टीत पहिलं उघडलं: भाजीपाला लागवडीवरचं. धडधाकट पुस्तकाची पाठ फाडली. ओलं फडकं ठेवलं, खळ भिजू दिली, सुरीच्या टोकाने पट्टी सोडवली. तीन बोटं रुंद. ओळींचे अर्धे अर्धे तुकडे. ‘...दिवा तिने खाली ठेव...’ ‘...ओळखलंस का, म्हणू...’

पट्टी उन्हात वाळत घातली आणि तिच्यासमोर उभा राहिलो.

३० नोव्हेंबर, रविवार

नवं काही आलं नव्हतं. जुन्याच चिठ्ठ्या घेऊन ताईच्या खोलीत गेलो तर म्हणाली, “आता नको रे वाचूस. दुसऱ्या कुणाच्या तरी पुस्तकाबद्दल ऐकल्यासारखं वाटतं.”

गॅसकडे जात नाही. आपणहून. पाणी हवं असलं तरी हिला हाक मारते. कालपर्यंत मोलकरणीचा हिशेब तोंडी ठेवायची, तोही म्हणे हिनेच बघावा.

जेवताना हसत हसत मला म्हणाली, “तुला मी वाढवलं, ते तरी खरं ना? की तेही विचारून घेऊ चार लोकांना?”

ही हसली. मीही हसलो. घास गिळला.

३ डिसेंबर, बुधवार

सात पुस्तकं झाली. पट्ट्या जुळवून एका पुठ्ठ्यावर मांडल्यात. मध्ये भोकं आहेत, कुठे अख्खा परिच्छेद नाही. पण दार आहे.

स्वार येतो. केस पिकलेत. ती त्याला पाणी देते. तो म्हणतो, आत येऊ? ती म्हणते, ‘तू आलास हे बरं केलंस. मी वाट पाहत होते तेव्हा आला असतास तर...’ इथे कागद फाटलाय. पुढच्या पट्टीवर: ‘...आता मी वाट पाहत नाही. पहाटे वेस उघडायची असते. मला लवकर उठावं लागतं.’

आणि ती दार लावते. रागाने नाही. रोज लावते तसं.

मी शाळेत होतो तेव्हा एक माणूस आमच्या घरी आला होता. उंच, खांद्याला पिशवी. ताईने त्याला दारातच पाणी दिलं. मला म्हणाली, “तू आत जा, पाढे म्हण.” मी मोठ्याने पाढे म्हणत होतो. बाहेर काय बोलणं झालं ते माझ्याच आवाजात बुडालं. नंतर तो कधी आला नाही. मी कधी विचारलं नाही.

सगळं लिहून ठेवलं होतं तिने. मी एकदा वाचायला हवं होतं.

६ डिसेंबर, शनिवार

ग्रंथपालबाई अचानक बांधणीच्या खोलीत आल्या. टेबलावर पाठ उसवलेली पुस्तकं, दोरीवर पट्ट्या!

“अहो, हे काय मांडलंय! चांगली पुस्तकं फाडताय?”

सांगून टाकलं. सगळं. परक्या माणसाला सांगणं किती सोपं असतं! बाई बराच वेळ पट्ट्या वाचत उभ्या राहिल्या. चष्मा काढून पुसला.

“मी पण लिहिलाय हो अभिप्राय,” म्हणाल्या. “टापांच्या आवाजावर चार ओळी. किती शहाण्यासारखं लिहिलं होतं मी!” मग म्हणाल्या, “पुस्तकं बांधून द्या परत. ते राहू दे. पण ताईंना काय वाटलं हे कळल्यावर?”

मी सुरी पुसायला घेतली.

“अजून सांगितलं नाहीत?” त्यांचा आवाजच बदलला. “अहो, कशाची वाट बघताय?”

संध्याकाळी अभिप्रायाच्या कागदावर शेवटच्या ओळीखाली लिहिलं: ‘वरील एकतीस अभिप्राय अपुऱ्या पुस्तकावरचे आहेत. शेवटची सोळा पाने बांधणाऱ्याच्या चुकीने गेली. चूक लेखिकेची नाही, वाचकांचीही नाही.’ खाली सही केली. उद्या रविवार.

७ डिसेंबर, रविवार

सांगितलं. पहिल्यापासून, क्रमाने, न थांबता. कादंबरी कधी वाचली नव्हती, तेही.

ताईने पट्ट्यांना हात लावला नाही. वाचकांबद्दल काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, “तुला कधी कळलं?”

“बारा नोव्हेंबरला.”

तिने मनात हिशेब केला. एका क्षणात.

“पंचवीस दिवस,” म्हणाली. “पंचवीस दिवस मी स्वतःला वेडी समजत होते. आणि तू दोन्ही वेळा माझ्यासमोर बसून जेवत होतास.”

जेवत होतो.