चोवीस तासांनी पुन्हा बघणे

सोमवार, ३ फेब्रुवारी

कामावर रुजू झाले. दादाला जाऊन दहा दिवस. हॉस्पिटलची प्रयोगशाळा होती तशीच — जंतू वाढवायचा इनक्युबेटर सदतीस अंशांवर, टेबलाला स्पिरिटचा वास. कोणी काही विचारलं नाही. बरं झालं. जंतूंच्या एकवीस प्लेटा तपासल्या. हात आपोआप चालतात.

घरी आई खिडकीशी. दादाचं घर सोडून माझ्याकडे आली त्याला आठवडा झाला. आल्यापासून एकच वाक्य — "तिनेच घालवला माझा मुलगा." तिने म्हणजे वहिनीने. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दादाला ताप आला, तेव्हा वहिनी "उद्या बघू" म्हणाली आणि एक दिवस घरी काढला. एवढंच.

मी ताटं वाढली.

मंगळवार, ४

भूक नाही. झोप भरपूर.

बुधवार, ५

नर्सिंगच्या मुलींचा तास घेतला — जंतूंची वाढ. फळ्यावर रेघ काढली: आधी सपाट, मग सरळ वर, मग पुन्हा सपाट, मग खाली. वीस मिनिटांत एकाचे दोन. तासात आठ. दहा तासांत शंभर कोटींच्या वर — खायला आहे तोवर. एकीने विचारलं, "मॅम, सुरुवातीला रेघ सपाट का? तेव्हा झोपलेले असतात का ते?"

"नाही. नव्या जागी आलेत, तयारी करतायत. बाहेरून दिसत नाही, इतकंच."

सगळ्यांनी लिहून घेतलं. मी फळा पुसला.

परत आले तर धुलाईवाले काका दारात. आमची काचेची भांडी तेच धुतात, वापरलेले नमुने तेच निकालात काढतात. हातात एक नळी. "ताई, इनक्युबेटरच्या पार मागे राहिली होती. अक्षर तुमचं आहे. टाकू?"

चिठ्ठीवर दादाच्या नमुन्याचा नंबर.

नळी आडवी केली. आतलं हललं नाही. घट्ट गोळा!

गुरुवार, ६

नीट लिहून काढते.

दादाच्या रक्ताच्या दोन बाटल्या आल्या होत्या. एकीतच वाढ. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं — जांभळे गोल, घोसाघोसाने. असे जंतू दोन प्रकारचे. एक साधा. सगळ्यांच्याच कातडीवर राहतो, सुई टोचताना नमुन्यात शिरतो. दुसरा घातकी. दिसायला दोघे सारखेच. फरक असा, की घातकी जंतू एक द्रव्य सोडतो आणि त्याने रक्तातलं पिवळं पाणी गोठतं. म्हणून नळीत ते पाणी घ्यायचं, जंतू घालायचा, गोठतं का बघायचं.

दहाला नळी लावली. दोनला पाहिली — पातळ. रिपोर्ट दिला: कातडीवरचा जंतू, नमुन्यात मिसळला असावा. तो वाचून वॉर्डातल्या डॉक्टरांनी जोरदार औषध बंद केलं.

पण काही घातकी जंतू सावकाश असतात. म्हणून नळी चोवीस तासांनी पुन्हा बघायची. चोवीस तास भरले तेव्हा मी रजा टाकून दोन मजले वर, दादाच्या उशाशी. संत्रं सोलत होते. तो म्हणाला, "काय म्हणतो तुझा जंतू?" मी म्हटलं, "काही नाही रे, फालतू निघाला." हसला.

त्यानंतर दीड दिवस.

शुक्रवार, ७

पंधरा दिवसांची नळी पुरावा होत नाही. सुकूनही घट्ट झाली असेल. दादाची प्लेट फ्रीजमध्ये अजून आहे. तिच्यातून ताजी वाढ लावली.

शनिवार, ८

सकाळी नवी नळी लावली. दोनला पातळ. चारला पातळ. सहाला घरी.

रविवार, ९

सुट्टी असून गेले. गोठलंय.

काहीच वाटलं नाही. येताना साबण आणला.

सोमवार, १०

मॅडमना — आमच्या विभागप्रमुखांना — दोन्ही नळ्या दाखवल्या. त्यांनी दोन्ही उजेडात आडव्या करून पाहिल्या. मग, "औषध चालू ठेवलं असतं तरी वाचला असता, असं कोण छातीठोक सांगेल?"

"कोणीच नाही."

"मग?"

मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. 'गोठलं नाही तर चोवीस तासांनी पुन्हा बघणे.' अक्षर माझंच. सहा वर्षांपूर्वीचं.

मॅडमनी चूक नोंदवायचा फॉर्म काढून दिला. भरला. सही सरळ आली.

मंगळवार, ११

वहिनीकडे गेले. दादाचा भाड्याचा वॉकर परत द्यायला बांधत होती. सगळं सांगितलं. जंतू, नळी, संत्रं — सगळं. तिच्या हातातली सुतळी तशीच राहिली.

"म्हणजे मी जो एक दिवस घालवला..."

"त्याने गेला असं नाही, वहिनी. रिपोर्ट बरोबर असता तर औषध चालू राहिलं असतं."

ती खुर्चीत बसली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडायला हवं होतं. पाणी प्यायली. म्हणाली, "आईंना सांगू नकोस."

"का?"

"माझ्यावर रागावून का होईना, उठतायत, बसतायत, तुझ्या हातचं दोन घास खातायत. तुझ्यावरही रागावल्या तर कुणाकडे बघायचं त्यांनी? मला सवय झालीय आता."

मी बरं म्हटलं. जिना उतरताना हलकं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं — आणि ते हे!

बुधवार, १२

जेवताना आईचं तेच. "तिनेच घालवला."

मी मान डोलावली. डोलावली!

गुरुवार, १३

सकाळी आईला सांगितलं. उभ्या उभ्याच. तिने सगळं ऐकलं. शेवटी एकच विचारलं, "हे तिला माहीत आहे?"

"परवाच सांगितलं."

"आणि तरी गप्प बसली?"

"हो."

आईने पिशवी काढली, कपडे भरले. मी विचारलं, "कुठे निघालीस?"

"माझ्या सुनेकडे."

बसथांब्यापर्यंत मागे मागे गेले. पिशवी तिने माझ्या हाती दिली नाही.