बाबांच्या खिडकीचं पेटंट

दि. ४ मार्च

चि. हाडवैद्यबुवांस,
ताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पेटंट मंजूर झाल्याचं मला आईकडून कळलं, आणि आईला शेजारच्या शिंपीणबाईंकडून. पेपरात फोटो आलाय म्हणे. सख्ख्या बहिणीला पेपरवाल्याच्याही नंतर कळवायचं, ही तुम्हा मोठ्या डॉक्टरांची रीतच झाली वाटतं! असो. मनापासून अभिनंदन. फोटोत पोट आत ओढून उभा राहिलायस, तेवढं बरं केलंस.

माझा घोटा आता झकास आहे. शिडीवरून पडले तेव्हा वाटलं होतं, संपला कारखाना. पण तू बसवलेला चिमटा इमानाने काम करतोय. थंड असताना सरळ राहतो, अंगाची ऊब लागली की वाकतो आणि मोडलेल्या हाडाची दोन्ही टोकं आवळून धरतो, हे तू ऑपरेशनच्या आधी मला इतकं रंगवून सांगत होतास की जणू मी ते पहिल्यांदाच ऐकतेय! अरे, तोच धातू, तोच वाकायचा प्रकार मी बाबांच्या खोलीतल्या खिडकीला नव्हता का लावला? ऊन आलं की चिमटा वाकतो आणि पट्ट्या मिटतात, ऊन उतरलं की उघडतात. वीज नको, बटण नको. त्या खिडकीकडे बघत चहा पिताना तूच म्हणाला होतास की हे हाडाला का लावू नये.

आता माझी बातमी. नव्या शाळेच्या सगळ्या खिडक्या आपल्याकडे यायच्या जवळजवळ ठरल्यात. मुख्याध्यापिकाबाई भर दुपारी नमुन्याच्या खिडकीसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि पट्ट्या आपोआप मिटताना बघून लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायला लागल्या. इतकी वर्षं दारांच्या कड्या आणि गजांच्या जाळ्या करून दिवस काढले. हे काम मिळालं तर कारखाना माझ्या खिडक्यांवर उभा राहील.

जेवणाच्या वेळा पाळ. आईला फोटो पाठव, ती शिंपीणबाईंचाच पेपर ढापायच्या बेतात आहे. मोठेपणात ताईला विसरू नकोस म्हणजे झालं.

तुझी,
ताई


दि. ११ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून फार हसलो. पोट आत ओढलं नव्हतं, फोटोवाल्याने कोटाची बटणं लावायला लावली होती. आधी कळवलं नाही ही चूक झाली खरी. सकाळपासून रात्रीपर्यंत कुणी ना कुणी येतंय. नवी प्रयोगशाळा मिळणार आहे, त्या गडबडीत सगळंच राहून गेलं.

घोट्याला फार ताण देऊ नकोस. पोटरीचे व्यायाम सोडले नाहीस ना? तू सोडले असणार, मी तुला ओळखतो. शाळेच्या कामाचं ऐकून आनंद झाला, पण ताई, घाई करू नकोस. करारावर सही करण्याआधी मला एकदा विचार. आणखी एक-दोन महिने थांबलीस तर काय बिघडतंय? पेटंटच्या कागदांत वकील काय काय शब्द घालतात ते सांगून तुला कंटाळा आणत नाही. भेटलो की बोलू.

आईला फोटो पाठवलाय. माझ्यावरची माया अशीच राहू दे.

तुझा,
धाकटा


दि. २ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

काल कारखान्यात नोटीस आली. एसी बनवणाऱ्या एका कंपनीची. मी माझ्या खिडक्या बनवणं ताबडतोब थांबवावं, कारण त्या त्यांच्या हक्काच्या आहेत म्हणे. मला वाटलं पत्ता चुकला. मग पेटंटचा नंबर बघितला, तर तो तुझ्याच पेटंटचा.

वकीलबाईंकडून तुझं पेटंट समजावून घेतलं. पहिलाच दावा असा, की ऊब लागल्यावर वाकून कोणत्याही दोन वस्तू जवळ आणणारा किंवा लांब नेणारा चिमटा, मग तो मोडलेल्या हाडात असो, इमारतीच्या खिडकीत असो, नाहीतर छतावरचं सोलर पॅनल उन्हाकडे वळवायला असो. शोधणारा म्हणून एकच नाव. तुझं. आणि त्यातला इमारतीचा नि सोलरचा हक्क तू त्या कंपनीला देऊन मोकळा झालास, हाडाचा तेवढा ठेवलास. म्हणजे तुझं ते तुझं राहिलं आणि माझं होतं ते विकून तुझी प्रयोगशाळा आली!

ज्यांचा धंदा खोल्या गार करणाऱ्या यंत्रांवर चालतो, ते कशाला विजेशिवाय मिटणाऱ्या खिडक्या बनवतील? ते हक्क घेऊन कपाटात ठेवतील आणि वर कुलूप लावतील. एवढं न कळण्याइतका तू भोळा नाहीस. मला दोन महिने थांब म्हणालास तेव्हा नोटीस येणार हे तुला माहीत होतं. माझ्या पायात माझाच चिमटा ठोकलास, वर पोटरीचे व्यायाम विचारलेस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

मुख्याध्यापिकाबाईंनी काम तहकूब ठेवलंय. असं का केलंस, एवढंच लिही.

ताई


दि. ९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दहादा वाचलं. शिव्या द्यायच्या तेवढ्या दे, पण माझंही ऐकून घे.

दावा जितका रुंद तितकं पेटंट भक्कम, असं वकील म्हणाले. नुसत्या हाडाच्या चिमट्यात कुणी पैसा घालायला तयार नव्हतं. कंपनीला इमारतीचं हवं होतं. ते दिलं नसतं तर हाडाचंही झालं नसतं. दोन नावं असली की पुढे भांडणं होतात, म्हणून एकच घातलं. तुझं नाव नंतर कुठेतरी घालता येईल असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं. आणि ताई, पेटंट घे असं मी तुला दोनदा म्हटलं होतं. खिडकीला कसलं आलंय पेटंट, म्हणून तूच हसली होतीस.

तू पेटंटवर हरकत घेणार आहेस असं कळलं. कृपा करून घेऊ नकोस. पेटंट पडलं तर ते सगळंच पडतं, हाडाचंसुद्धा. प्रयोगशाळा जाईल, माझ्याबरोबरची माणसं जातील, आणि पेपरात पुन्हा फोटो येईल तो कसा, ते तुला सांगायला नको. शाळेच्या बदल्यात तुला दुसरं काही काम मिळवून देता येतं का ते बघतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ आहेत. राग शांत झाला की दोन ओळी टाक.

तुझा,
धाकटा


दि. २० एप्रिल

ती. आईस,
मोठीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझ्या गुडघ्याला तेल संपलं असेल, कारखान्यातल्या रंगाऱ्याबरोबर पाठवते. मोतीबिंदूसाठी डॉक्टरकडे जायचं पुढे ढकलू नकोस. आणि दुपारी गच्चीवर जाऊन कपडे वाळत घालायची काही गरज नाही. उन्हाला शिस्त लावायची म्हणून गेली असशील, तुझं काही सांगता येत नाही!

धाकट्याचं आणि माझं जे चाललंय ते तुझ्या कानावर आलंच असेल. मी तुला कुणाची बाजू घ्यायला सांगत नाही. जे आहे तेवढंच सांगायचंय. वकीलबाई म्हणतात, एखादी वस्तू पेटंटच्या अर्जाआधी चारचौघांसमोर उघड वापरात असली, तर ती कुणाला आपली नवी म्हणून सांगता येत नाही. आपल्याकडे तर हातच्या कांकणाला आरसा नको. बाबा अंथरुणाला खिळले त्या उन्हाळ्यात मी ती खिडकी बसवली. पंख्याचा वारा त्यांना सोसत नव्हता आणि पडदा ओढला की अंधाराला घाबरायचे. रस्त्यावरची माणसं थांबून पट्ट्या मिटताना बघायची. शिंपीणबाई तर पाहुण्यांना आणून दाखवायच्या. धाकट्याचा अर्ज त्यानंतर पुष्कळ उशिरा झाला. तेव्हा बाबा राहिलेसुद्धा नव्हते.

घर तुझं, खिडकी तुझी, म्हणून तुझ्या शब्दाला वजन आहे. खिडकी केव्हा बसली एवढं तू खरंखरं लिहून दे. हाडाचा चिमटा त्याचा तो करू दे, मी कधी आड आले नाही, येणारही नाही. पेटंट पडलं तरी त्याला तो करायला कुणी मना करणार नाही, फक्त माझ्या खिडक्याही मला करता येतील. आई, कारखान्यात सध्या सगळे हात बांधून बसलेत. माझ्याकडे तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही.

कळावे. तुझी सावली डोक्यावर असावी.

तुझी,
मोठी


दि. २७ एप्रिल

चि. मोठीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तेल मिळालं. रंगारी गुणी आहे, जाताना नळाचा वायसर बदलून गेला. डोळ्यांचं पुढच्या आठवड्यात बघू म्हणालेत. अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून घे.

तुला कसं सांगू कळत नाही. तुझं पत्र यायच्या आधीच धाकटा येऊन गेला. वकिलाला घेऊन आला होता. जेवला नाही, माझ्या पायाशी बसून राहिला. आई, खिडकी बाबांच्या वेळची म्हणालीस तर मी संपलो, म्हणाला. लहानपणी शाळेत मार खाऊन आला की जसा रडायचा तसाच रडला गं. कागद त्यांनी तयारच आणला होता. खिडकी गेल्या वर्षी, म्हणजे त्याच्या अर्जानंतर बसवली, असं त्यात होतं. मी सही केली. शपथेवरची सही आहे हे वकिलाने समजावून सांगितलं होतं, म्हणून नंतर मला कळलं नव्हतं असं म्हणणार नाही.

खिडकी काढून टाक असंही तो म्हणाला. ते मात्र मी केलं नाही. काढली तर दुपारची खोली तापते. आत्ताही तिथेच बसून लिहितेय.

तू रागावशील. पण तुझं काय, तुला रानात सोडलं तरी तू घर उभं करशील. कारखाना नाही तर दुसरं काही काढशील. तो तसा नाही. तो एकदा पडला की पडूनच राहतो. दोघांतल्या कुणा एकाचं व्हायचं होतं, तर मी काय करायला हवं होतं? तू पहिल्यापासून समजूतदार. लहानपणी तुझ्या हातातलं काढून त्याला दिलं तरी तू कधी हूं की चूं केलं नाहीस. आताही घरातली गोष्ट घरात राहू दे. मी आता किती दिवसांची? माझ्यामागे तुम्ही दोघंच एकमेकांना आहात.

पाय जप. माझ्यावर राग धरू नकोस.

तुझी,
आई


दि. १५ मे

आईस,
नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. उत्तर द्यायला उशीर केला, कारण आधी जे लिहिलं ते फाडून टाकावं लागलं.

वकीलबाईंना तुझ्या सहीचं सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत. उलट म्हणाल्या, हे तर सोपं झालं. शिंपीणबाई येतील, सुतार येईल, समोरचा सायकलवाला येईल, आणि खिडकी केव्हाची ते सगळे सांगतील. मग तुला सुनावणीला बोलावतील. सगळ्यांसमोर उभं करून विचारतील की बाई, तुम्ही शपथेवर खोटं का लिहिलंत. तू अडखळलीस की पेटंट पडलं. सरळ हिशेब आहे. मी जिंकणारच होते.

हे धाकट्यालाही ठाऊक होतं. म्हणून तर त्याने शिंपीणबाईंचा नाही, सुताराचा नाही, तुझा कागद घेतला. खोटं टिकणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, पण तुला खोटं पाडायला ताई जाणार नाही, हेही माहीत होतं. तुला ढालीसारखं पुढे धरलं त्याने, आणि तू उभी राहिलीस. कुंपणानेच शेत खाल्लं तर सांगायचं कुणाला? तुला सांगायचं, असं मी आजवर समजत होते.

पंख्याशिवाय, पडद्याशिवाय बाबा तो शेवटचा उन्हाळा कशाच्या आडोशाने झोपले, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. दुपारी त्यांच्या कपाळावर हात ठेवून तूच मला म्हणायचीस की आज गार आहेत. तू सही केलीस तेव्हा तेही पुसलंस. माझ्या कारखान्यापेक्षा मला ते जास्त लागलं, आई. फार लागलं.

काल हरकत मागे घेतली. शाळेला नकार कळवला. माणसांना दुसरीकडे कामं बघून दिली. भट्टी आणि कापायचं यंत्र एक गॅरेजवाला घेऊन जातोय, मलाही त्याने कामावर बोलावलंय. गाड्यांचे दरवाजे सरळ करायचे. जमेल.

आज सकाळी धाकट्याचं आभाराचं पत्र आलं. त्यातही तोच शब्द आहे, मी समजूतदार आहे म्हणून. तुम्ही दोघांनी मिळून ठरवल्यासारखा तो शब्द वापरता, म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी समजून घेतलेलं नाही. मला काही समजून घ्यायचंही नाही. आईला भर सुनावणीत खोटं पाडणारी मुलगी मला होता आलं नाही, एवढंच. तुला मुलीला खोटं पाडणं जमलं.

डोळ्यांच्या ऑपरेशनच्या दिवशी मी येईन. घरी घेऊन येईन, औषधं घालीन, जेवण करून ठेवीन आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाईन. त्या वेळी माझ्याशी यातलं काही बोलू नकोस. लोभ असू दे असं पत्राच्या शेवटी लिहायचं असतं. हात तिथवर येऊन थांबला, तेव्हा ते राहू दे.

मोठी