माझ्या मागे कोण कोण आलं

२ ऑगस्ट २०१७
मोबाइलवर लीडरशिपचा कोर्स सुरू केला. पहिला धडा, सर्व्हंट लीडरशिप. आधी सेवा करायची, मग लोक आपोआप मागे येतात. हे 'आपोआप' मला फार पटलं. पुढच्या महिन्यात आमच्या शेतकरी गटाचा अध्यक्ष निवडायचा आहे. जाकीरचं नाव चालू आहे म्हणे. चालू द्या. त्याच्याजवळ काय आहे? हसरं तोंड आणि खटारा लुना. मी बी.ए. आहे. आणि नम्रसुद्धा.

५ ऑगस्ट
धडा दुसरा : ऐकणे. दिवसभर पारावर ऐकायला बसलो. कोणी बोललंच नाही. गटातले उकंडराव तेवढे आले. कोर्समध्ये सांगितल्याप्रमाणे त्यांच्या डोळ्यात डोळे घालून बसलो. ते म्हणाले, काऊन बे पंजाब, असा काऊन पाहून राह्यला, तब्येत बरी आहे ना? आणि उठून जाकीरकडे गेले. तिथे तासभर बोलले. मी पाहत होतो.

८ ऑगस्ट
गटाला कामगंध सापळे आले. सोबत रबराच्या छोट्या गोळ्या. गोळीला बोंडअळीच्या मादीचा वास, त्या वासानं नर पतंग येतो आणि सापळ्यात अडकतो. आपल्याला तो वास येत नाही. जाकीर म्हणाला, गोळ्या वाटून टाकू, ज्याची तो लावून घेईल. याला म्हणतात लीडरशिप? मी उभा राहून जाहीर केलं, प्रत्येकाच्या वावरात जाऊन मी स्वतः लावून देईन. टाळ्या! जाकीरनं सगळ्यात जोरात वाजवल्या. नाटकी माणूस.
सापळे लोकांनी नेले. गोळ्या माझ्याजवळ.

१२ ऑगस्ट
सकाळी वावरात गेलो होतो. कोणीच नव्हतं. न दिसणाऱ्या सेवेचा काय उपयोग? परत आलो. गोळ्या पाकिटातून काढून पांढऱ्या शर्टाच्या खिशात ठेवल्या. कोणी दिसलं की लगेच सेवा.

१७ ऑगस्ट
गटातल्या सिंधूताईंना ताप. जाकीरनं लुनावर मोताळ्याला दवाखान्यात नेलं. अरे, माझी गाडी नवीन आहे! मला काऊन नाही सांगितलं? घरी हेच बोललो तर आशाबाई (बायको) म्हणाली, तुमी जळून राह्यले. मी जळत नाही. मी निरीक्षण करतो.

२२ ऑगस्ट
पोळ्यामुळे गोळ्या राहिल्या. आता गणपती. घाईत सेवा होत नसते.

३० ऑगस्ट
उकंडराव आले. कपाशीत डोमकळ्या दिसून राह्यल्या म्हणे, म्हणजे फुलं गुलाबासारखी मिटलेली, आत अळी. गोळ्या कुठी आहेत विचारलं. मी सहानुभूतीनं ऐकलं. धडा चौथा. ते म्हणाले, मुंडी काय हलवतं, गोळ्या दे ना बे! उद्या नक्की, असं सांगितलं.
संध्याकाळी कळलं, जाकीरनं मोताळ्याहून दुसऱ्या गोळ्या आणून ज्याच्या त्याच्या हाती दिल्या. सगळ्यांचे सापळे लागलेसुद्धा. माझी सेवा चोरली! रात्री भाकर गेली नाही.

१० सप्टेंबर
आज अध्यक्षाची निवड. शाळेच्या ओट्यावर, दिवेलागणीला. तोच पांढरा शर्ट घातला, इस्त्री करून. जाकीर साध्या निळ्या चौकडीच्या शर्टात. मनात म्हटलं, इथेच हरला.
आशाबाईचं मत पक्कं धरून निघालो.

१० सप्टेंबर, घरी आल्यावर
मी भाषणाला उभा राहिलो. लोक आपोआप मागे येतात, एवढंच बोललो आणि एक बारीक पतंग खिशावर बसला. मग दुसरा. मग किती ते मोजलं नाही. तोंडात एक गेला. उकंडराव ओरडले, पंजाब, तुह्या मांगं तर लयच येऊन राह्यले रे! सगळा गट हसला. आशाबाई पदर तोंडाला लावून.
जाकीर हसला नाही. उठून आला, माझ्या अंगावरचे पतंग झाडले, आणि म्हणाला, भाऊ, शर्ट काढा, माझा घाला. चार माणसांत बनियनवर उभा राहिला. असा राग आला मला! हे माझं होतं. कोर्स मी केला होता.
मग हात वर झाले. सगळे जाकीरला. आशाबाईचा हात सगळ्यात आधी. घरी विचारलं. ती म्हणाली, आपल्या वावरातले सापळे कोनं लावले, पायलं का कधी?
पाहिले नव्हते.

१५ सप्टेंबर
कोर्सचं सर्टिफिकेट मोबाइलवर आलं. पांढरा शर्ट तीनदा धुतला. संध्याकाळी दोरीवर पतंग येतातच.
जाकीरचा शर्ट अजून परत केला नाही. अंगात बरोबर बसतो. आज घालून पारावर पाठमोरा बसलो. सिंधूताई आपणहून लांबून हाक मारत आल्या, भाऊ, एक सांगायचं होतं म्हणत. मी वळलो.
त्या म्हणाल्या, अगं माय, मले वाटलं जाकीर. आणि परत गेल्या.