निंबावरची गुळवेल

२ जुलै
धानोऱ्यात रुजू झाले! लोणखेड्याला औषधनिर्माण शिकले त्याचं चीज झालं. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, गुळवेलीचं सत्व काढायची. पण देखरेख सगळी माझी. मालक भावेशभाईंनी स्वतः चहा पाजला. राहायला शेडमागची खोली. दारातच निंब आणि त्यावर गुळवेल, खोड मनगटाएवढं. होळीनंतर लावली म्हणतात, खरं वाटत नाही. निंबावरची गुळवेल सगळ्यात गुणाची. आई तापात तिचाच काढा द्यायची, नाक दाबून.

५ जुलै
कांड्या ठेचायच्या, भिजवायच्या, चोळून गाळायच्या. तळाशी पांढरा साका बसतो, तो वाळला की सत्व. ठेचायला वत्सलाबाई आहेत. माझ्याआधी इथे नवनीत नावाचा मुलगा होता. न सांगता सुरतला पळाला, असं भाई म्हणाले. त्याची आई दगूबाई रोज फाटकाशी येऊन बसते. तिला आत घ्यायचं नाही, अशी ताकीद आहे. मला हे पटलं नाही.

९ जुलै
दगूबाई भर पावसात बसलेल्या आणि भाईंनी त्यांच्या अंगावर चिखल उडवत गाडी आत घातली. मी छत्री घेऊन गेले. त्या म्हणाल्या, “मन्हा पोऱ्या सुरतले गया नई, बेटी. तो आठेच शे.” इथेच आहे म्हणे.
भाईंना विचारलं, तर पगार कुणाचा खातेस म्हणाले. संतापाने जेवण गेलं नाही.
काल छाटलेली वेल आज माझ्या पत्र्यावर चढलीय.

१३ जुलै
निंबावरच्या वेलीचा साका तांबूस बसला. वास खाटकाच्या दुकानासारखा. फेकून द्या म्हटलं. भाई म्हणाले, पांढऱ्यात मिसळ, ताप आलेल्या माणसाला रंग कळत नाही. मी त्यांच्यासमोर पातेलं मोरीत ओतलं. याआधीचा माल किती जणांच्या पोटात गेला असेल?

१६ जुलै
वत्सलाबाई अखेर बोलल्या. निंबाखाली जुना हौद होता. कुजलेला चोथा काढायला भाईंनी नवनीतला आत उतरवलं. वास मारतोय, नको, म्हणत होता. आतल्या वाफेनं गुदमरला. चौकशी नको म्हणून भाईंनी त्याच्यासकट हौद मातीने बुजवला, वर वेल लावली. वत्सलाबाईंना धमकावलं. मी त्यांच्यावरही ओरडले. त्याची आई रोज फाटकाशी बसते आणि ह्यांना सगळं ठाऊक!

१७ जुलै, सकाळ
पोलिसांना फोन केला. निघतो म्हणाले. दगूबाईंना आत आणून सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. खोडाला हात लावून बसल्या. वेलीची लोंबती मुळं, दोऱ्यांसारखी, हळूच त्यांच्या खांद्यावर उतरली. वारा नव्हता.

दुपार
भाई आले. कोयता घेऊन. दगूबाईंना ढकलून दिलं, खोडावर घाव घातला. चीक लाल — वरून सगळे दोरे एकदम खाली. भाईंच्या मनगटाला. मग गळ्याला. मी खोलीत पळाले, कडी लावली.

भाई मला हाक मारताहेत. नाव घेऊन. कोपऱ्यात विळा आहे. जाऊन कापता येईल. पण हौदात तोही अशीच हाक मारत असेल —
मारू दे.

हाक थांबली.

मी उठायला हवं होतं. उठले नाही. बसून लिहीत राहिले —

दाराच्या फटीतून दोरे. कडीवर. पायाशी. बाहेर दगूबाई म्हणताहेत, “नवनीत, तिले सोड. ती आपली शे. नवनीत, तिले —”