कुलगुरूची अर्थी

चि. अवंतिका,

काल मोर्चात तुम्ही मुलांनी कुलगुरूची, म्हणजे माझी, अर्थी काढलीत, तिरडीवर पुतळा बांधून. ती शिंदे की छावनी मोहल्ल्यात आपल्या दारावरून गेली, तेव्हा आजीने रीतीप्रमाणे उठून हात जोडले आणि विचारलं, "कोण गेलं रे?"

"कुलगुरु जी चल बसे, अम्मा!" पोरं हसली.

आजी तिथंच कोसळली. मी घरी आल्यावर तिने माझा हात सोडला नाही. "आई, पुतळा होता गं," म्हटलं.

"पण खांदा तर आपल्या अवंतिकेचाच होता."

वसतिगृह रिकामं करण्याच्या आदेशावर आज मी सही केली. दुपारी पोलीस आत शिरतील. तू तिथंच धरणं धरून बसली आहेस. त्याआधी घरी ये, असं लिहायला बसलो होतो. पण मैत्रिणींना सोडून तू येणार नाहीस, आणि आलीस तर मला तुझी लाज वाटेल.

तुझा,
बाबा